अंबिलीतली पूड

नागरत्नाबद्दल लिहिणार म्हटल्यावर आमच्या ख्रिस्ती मंडळीतल्या बायका म्हणाल्या, "अक्का, तिला चांगली दाखव हं." चांगली दाखव म्हणजे काय? हा काय लग्नाचा फोटो आहे? जे बघितलं ते लिहीन. तिला देवी करणार नाही आणि खोटारडीही करणार नाही. दोन्ही करणं सोपं आहे, म्हणून लोक तेच करतात.

नागरत्ना म्हैसूरच्या जुन्या रंगारी घरातली. पणजोबा कापड रंगवायचे, छापायचे. आता त्या गल्लीत रंगाचं एक पातेलंही शिल्लक नाही. कुणी दुकानात, कुणी बँकेत, आणि बायका घरी बसून कुच्चू बांधतात. कुच्चू म्हणजे रेशमी साडीच्या पदराला सोडलेल्या दोऱ्यांचे गोंडे. नेसणारीच्या पाठीवर ते डुलतात, बांधणारीची मात्र पाठ मोडते. ह्या बायकांची संघटना मी चालवते. शाळा सातवीत सुटली, पण दुकानदाराशी भांडायला शाळा लागत नाही. नागरत्ना मीटिंगला येते, भिंतीला टेकून बसते, बोलत नाही. हातातला दोरा मात्र चालू.

तिचा नवरा राघवेंद्र म्हैसूरमधल्याच हेब्बाळच्या एका कंपनीच्या लोकांना नेणारी-आणणारी बस चालवायचा. लग्नानंतर काही वर्षांनी दोघं ख्रिस्ती झाली. नाव बदला, असं कुणीतरी सुचवलं तेव्हा तो म्हणाला, "देवाला मी राघवेंद्र म्हणूनच सापडलो ना? मग?" असा माणूस. हसरा, उंच आवाजाचा, गाणं सुरू झालं की टाळी पहिली त्याची. त्याची आई भागीरथीबाई मात्र आपल्या देवघरापाशी तशीच राहिली. एकाच घरात एका भिंतीवर क्रूस, दुसऱ्या भिंतीवर तिचा व्यंकटेश. भांडण रोज, पण जेवण एकाच पातेल्यातलं.

राघवेंद्रला फिट यायच्या. पहिली नंजनगूडला एका नातेवाइकाच्या बारशात आली, जेवता जेवता. डॉक्टरनं गोळी दिली आणि बजावलं: रोज घ्यायची, एक दिवसही चुकवायची नाही, एकदम बंद तर मुळीच करायची नाही. आणि गाडी चालवायची नाही. गोळी त्यानं घेतली, गाडी सोडली नाही. फिट येणाऱ्या माणसाला बसचं लायसन्स मिळत नाही, हे त्याला ठाऊक होतं. बायकोला ठाऊक होतं, आईलाही ठाऊक होतं. घरातल्या घरात सगळ्यांना ठाऊक असलं की ती गोष्ट कुणालाच ठाऊक नसल्यासारखी होते.

मग एका रविवारी पास्टर ज्ञानप्रकाशांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना केली. राघवेंद्र रडला. उठला, खिशातलं गोळ्यांचं पाकीट काढलं आणि सगळ्यांच्या देखत खिडकीबाहेर फेकलं. "देव विश्वासू आहे!" ओरडला. मंडळी उभी राहिली, टाळ्या झाल्या. गोळ्या फेक असं पास्टर म्हणाले नव्हते. फेकू नकोस असंही म्हणाले नाहीत.

त्यानंतर फिट आलीच नाही. महिना गेला, वर्ष गेलं, चार-पाच वर्षं गेली. दर उपकारस्तुतीच्या सणाला राघवेंद्र उभा राहून साक्ष द्यायचा, म्हणजे देवानं आपल्याला कसं बरं केलं ते सगळ्यांना सांगायचा. कुणीतरी मोबाइलवर तिचा व्हिडिओ काढला, तो कुठून कुठे फिरला. हुणसूरहून, चामराजनगरहून लोक आमच्या मंडळीत येऊ लागले. "ते फिट बरे झालेले ब्रदर कुठे बसतात?" साक्ष सुरू झाली की नागरत्ना चटईकडे बघायची. मला वाटायचं, लाजते.

ती लाजत नव्हती. गोळ्या फेकल्यावर थोड्याच दिवसांत त्याला झोपेत फिट आली होती. त्याला कळलं नाही. झोपेतल्या माणसाला काय कळणार? हिनं एकटीनं बघितली. सकाळी तो उठला, अंग दुखतंय म्हणाला, आणि गाणं गुणगुणत आंघोळीला गेला. हिच्या तोंडातून शब्द फुटेना. त्या दिवशी तिनं जुनी चिठ्ठी ओळखीच्या मेडिकलवाल्याला दाखवून गोळ्या आणल्या, लाटण्याखाली कुटल्या आणि रागीच्या अंबिलीत मिसळल्या. नाचणीला आम्ही रागी म्हणतो. रागीची ताकातली अंबील पिऊन तो कामाला जायचा. पूड कडू लागायची, म्हणून ती वरून लसूण ठेचून घालू लागली. भरपूर लसूण.

"अंबील झकास झालीय," तो म्हणायचा.

रोज सकाळी. चार-पाच वर्षं.

आता तुम्ही म्हणाल, केवढी माया! मी म्हणते, थांबा. त्या बसमध्ये रोज पन्नासेक माणसं बसायची. कानात वायर, गळ्यात पट्टा, डोळ्यांवर झोप. त्यांचा जीव हिनं एका चमच्यावर टांगला होता. चमचा चुकला असता तर?

चुकलाच.

तिची मुलगी सौम्या हुणसूरला दिलेली आहे. पहिलं बाळंतपण, आणि त्यात रक्तदाब. सासरच्यांनी तिथल्याच दवाखान्यात ठेवलं. नागरत्नाला जाणं भाग पडलं. जाण्यापूर्वी तिनं सासूला एका बाजूला घेतलं, पुडी हातात दिली आणि सगळं सांगितलं. सासूला ती अत्ते म्हणते.

भागीरथीबाई ऐकून हसतच सुटली. "म्हणजे तुझ्या येशूनं नाही, तू बरा केलास होय माझ्या लेकाला?"

"अत्ते, हसू नका. लसूण जास्त घाला."

"घालते गं. माझा व्यंकटेश कुणाला सांगायचा नाही. तो तुमच्यासारखा बोलका नाही."

नागरत्ना हुणसूरला गेली. इकडे राघवेंद्रनं काय केलं? मुलीसाठी उपास धरला. मूल सुखरूप बाहेर येईपर्यंत पाण्याशिवाय काही नाही, आणि फोनही बंद, कारण उपासात बोलायचं ते देवाशीच. आमच्यात ही रीतच आहे, आणि चांगली आहे. लेकीवरच्या मायेनं केलेली गोष्ट. त्या मायेनंच त्याची गोळी बंद झाली.

पहिल्या दिवशी म्हातारीनं अंबील पुढे ठेवली, त्यानं सरकवली. दुसऱ्या दिवशी तिनं सरळ सांगितलं, "अरे बाबा, पी. ह्यात तुझी फिटची गोळी आहे. तुझी बायको घालते."

तो म्हणाला, "आई, उपास मोडायला सैतानानं आता तुझं तोंड घेतलं का?" आणि कामाला गेला.

मग म्हातारीनं हुणसूरला फोन लावला. "नागू, तुझा नवरा कालपासून उपाशी आहे. गोळीचं सांगितलं तर मलाच सैतान म्हणतो. पूड कशात घालू? पाण्यात घातली तर पाणी पांढरं होतंय गं!"

नागरत्ना दवाखान्याच्या व्हरांड्यात होती. आत सौम्याला कळा सुरू झालेल्या. तिनं नवऱ्याला फोन लावला, बंद. परत लावला, बंद. मग मला लावला. जी मीटिंगमध्ये कधी दोन वाक्यं सलग बोलली नाही, तिनं एका दमात सगळं ओतलं. मला आधी कळेचना. कळलं तेव्हा माझं डोकं फिरलं.

"नागरत्ना, तुला अक्कल आहे का? इतकी वर्षं? त्या बसमध्ये माणसं बसतात, रेशमाचे गठ्ठे नाहीत!"

"अक्का, शिव्या नंतर दे."

"मी निघते हेब्बाळला. बस सुटायच्या आत त्याला खाली खेचते. नाहीतर गेटासमोर आडवी पडते."

"तू जा. पण सांगू नकोस. मी केलं, मीच सांगेन. मी येते."

"सौम्याला टाकून?"

ती म्हणाली, "सौम्याजवळ डॉक्टर आहेत. ह्यांच्याजवळ कुणी नाही."

हेब्बाळला बसचे ड्रायव्हर दिवसभर कंपाउंडच्या बाहेर झाडाखाली थांबतात. कुणी पत्ते खेळतं, कुणी बसमध्ये आडवं होतं, संध्याकाळी कंपनी सुटेपर्यंत. मी पोचले तेव्हा राघवेंद्र बसच्या पायरीवर डोळे मिटून बसला होता. ओठ सुकलेले. मी समोरच्या टपरीवर चहा घेतला आणि त्याच्याकडे बघत उभी राहिले. गप्प उभं राहणं मला जमत नाही, पण राहिले. सारखं वाटत होतं, हा आत्ता पडेल, आत्ता पडेल.

हुणसूरच्या बसनं ती आली. रस्ता ओलांडून जवळजवळ पळत. पदर एका बाजूला, पिशवी दुसऱ्या.

तिला बघून तो ताडकन उठला. "सौम्या? सौम्याला काय झालं?"

"सौम्या बरी आहे. अजून कळा देतेय. मी तुमच्यासाठी आले."

"माझ्यासाठी? मला काय झालंय?"

"अत्तेंनी सांगितलं ते खरं आहे."

तो हसला. "तूपण? आई एक म्हातारी, समजू शकतो—"

तिनं पिशवीतून पुडी काढली. म्हातारीला दिली तशीच दुसरी. बाळ बघायला तो हुणसूरला आला तर असावी म्हणून बरोबर नेलेली. उघडून त्याच्यापुढे धरली. "चाखा."

"मी उपास—"

"बोटाला लावून चाखा. मग मला मारा हवं तर."

त्यानं बोट बुडवलं, जिभेला लावलं. मी त्याचा चेहरा बघत होते. माणसाच्या चेहऱ्यावरून रक्त उतरतं म्हणतात ना, ते मी त्या दिवशी बघितलं. जिभेला आठवण असते. रोज सकाळची, लसणाच्या मागे लपलेली ती कडू चव त्याच्या जिभेनं ओळखली.

"कधीपासून?"

"तुम्ही फेकल्यात, त्यानंतर थोड्या दिवसांनी. झोपेत आली होती तुम्हाला."

तो पायरीवर बसला. "म्हणजे देवानं काहीच केलं नाही. तू केलंस. मी उभा राहून देवाचं नाव घेत होतो, आणि... तू माझा देव चोरलास, रत्ना."

तिनं पुडी मिटून पिशवीत ठेवली.

तेवढ्यात कंपनी सुटली. गळ्यात पट्टे घातलेली पोरंपोरी झुंडीनं येऊ लागली. दोघीजणी आम्हा तिघांना वळसा घालून बसमध्ये चढल्या, मागोमाग आणखी. एकजण म्हणाला, "अण्णा, आज लवकर सोडा, मॅच आहे." राघवेंद्रच्या हातात किल्ली होती. तो उठला. दोन पायऱ्या चढला.

माझा हात पुढे गेला. किल्ली हिसकावून गटारात टाकणार होते. नागरत्नानं माझं मनगट धरलं. दोरा ओढून ओढून त्या हातांना काय जोर येतो, ते मला तेव्हा कळलं.

"सोड अक्का," ती म्हणाली. "आजवर त्यांचं सगळं मीच केलं. एवढं त्यांना करू दे."

"आणि केलं नाही तर?"

"तर मी बससमोर उभी राहीन. पण आधी त्यांना करू दे."

तो ड्रायव्हरच्या सीटपाशी पोचला होता. स्टिअरिंगला हात लावला. आरशात मागे बघितलं. आरशात काय दिसलं असेल? झोपाळलेले चेहरे, मोबाइलचा उजेड. मग खाली उतरला आणि सरळ सुपरवायझर मालोजीरावांकडे गेला. आम्ही मागोमाग.

"सर, मला फिट येते. मी बस नेणार नाही."

मालोजीराव चांगला माणूस. इकडेतिकडे बघून हळूच म्हणाला, "अय्यो राघू, असं मोठ्यानं सांगतात का? आज तब्येत बरी नाही म्हण. दुसरा ड्रायव्हर देतो. उद्या ये."

केवढं सोपं दार उघडून दिलं होतं बघा.

"उद्याही नाही, सर," राघवेंद्र म्हणाला आणि किल्ली टेबलावर ठेवली.

बस उशिरा गेली, दुसऱ्या ड्रायव्हरबरोबर, मॅचवाल्या पोराच्या शिव्या खात. नागरत्ना तिथूनच परत हुणसूरला निघाली. तो तिला स्टॉपपर्यंतही पोचवायला गेला नाही.

लोक मला विचारतात, मग त्या संध्याकाळी फिट आली का? नाही आली. आली असती तर ही गोष्ट लिहायला सोपी गेली असती. तो घरी गेला, म्हातारीच्या समोर बसला, आणि काहीही झालं नाही. सौम्याला मुलगी झाली, दोघी सुखरूप. मग राघवेंद्रला राग चढला. "आली का फिट? नाही ना? मी नेऊ शकलो असतो बस. तुमच्या दोघींच्या भीतीपायी माझी नोकरी गेली." बायको हुणसूरहून परत आली तरी तिच्याशी बोलेना. स्वतःची अंबील स्वतः करून प्यायचा, तिचा हात लागलेलं पाणीही घेईना. गोळी? नाही घेतली. तिनं पाकीट ताटाशेजारी ठेवलं, त्यानं बघितलंही नाही. आता ती लपवून घालत नव्हती. देवाला म्हणाली असेल काही, मला म्हणाली एवढंच, "अक्का, आता मी कुटणार नाही. मेले तरी नाही." तिचे डोळे सुजलेले होते. रात्री झोपत नव्हती, त्याच्याकडे बघत बसायची.

मी पास्टरांकडे गेले. भांडायलाच गेले. ते म्हणाले, "सिस्टर, घरातली गोष्ट घरात राहू द्या. कोवळ्या विश्वासाची माणसं आहेत. त्यांची साक्ष ऐकून आलेली."

मी म्हटलं, "पास्टर, सैतानानं येशूला देवळाच्या टोकावर नेऊन काय सांगितलं होतं? उडी मार, देवदूत झेलतील. येशूनं मारली का उडी? आणि आम्ही उडी मारणाऱ्याला टाळ्या देतो!"

ते गप्प झाले. त्यांच्या गप्प बसण्याचा मला फार राग येतो.

मग सुष्मा आली. मंडळीत नवी आलेली, इलवालकडची पोरगी. मी राघवेंद्रच्या घरी बसले असताना आली, हात जोडून. "अंकल, तुमची साक्ष मोबाइलवर बघितली. आईची शुगरची गोळी आम्ही बंद केली. पण आता पायाची जखम भरत नाही. तुम्ही येऊन प्रार्थना कराल का? तुमचा विश्वास मोठा आहे."

भागीरथीबाईच्या हातातली जपमाळ थांबली.

राघवेंद्र म्हणाला, "गोळी आज द्या. आत्ता. फोन करून सांग घरी." त्याचा आवाज उंच नव्हता. "आणि उद्या दवाखान्यात नेऊ. मी येतो बरोबर."

"आणि प्रार्थना?"

"करू ना. दवाखान्यात जाताना करू."

ती गेल्यावर तो उठला, ताटाशेजारचं पाकीट उचललं, गोळी तळहातावर घेतली. मग आमच्या सगळ्यांच्या समोर गिळली.

रविवारी तो न बोलावता उभा राहिला. पास्टरांनी माइक पुढे केला नाही. त्याला माइकची गरज कधीच नव्हती. म्हणाला, "मी तुम्हाला खोटी साक्ष दिली. मला ठाऊक नव्हतं, पण ठाऊक करून घेतलंही नाही. मी बरा झालो नाही. मला फिट येते. माझ्या घरचे माझी गोळी लपवून घालत होते. देव विश्वासू आहे, हे मी आजही म्हणतो. मी नव्हतो. माझा जीव त्यानं माझ्या हातात दिला होता, बसमधल्या माणसांचाही. मी तो खिडकीबाहेर फेकला आणि त्याला विश्वास म्हटलं. ज्यांनी माझं ऐकून गोळ्या सोडल्या, त्यांनी आज घ्या. प्रार्थना सोडू नका. गोळीही सोडू नका."

टाळी नाही. मागच्या रांगेतून दोन कुटुंबं उठून गेली, ती परत आली नाहीत. बायबलात रानातल्या भुकेल्या लोकांसाठी आकाशातून मान्ना नावाचं अन्न पडलं ते देवाच्या हातून, पण वेचायला प्रत्येकाला सकाळी स्वतः उठावं लागलं. हे आम्ही दर वर्षी शिकवतो. ऐकायला किती गोड वाटतं! वाकून वेचायची वेळ आली की माणसं चपला शोधतात.

मला एक गोष्ट खटकली. "घरचे" म्हणाला. तिचं नाव घेतलं नाही. तिनं लपवलं हे पाप, मान्य. मी तिच्या तोंडावर सांगितलंय. पण पुडी हातात घेऊन, लेकीला कळांत सोडून, ती रस्ता ओलांडून आली, ते काय होतं? बाहेर पडल्यावर मी तिला म्हटलं, "चीड नाही येत तुला?"

ती म्हणाली, "येते ना. पण माझंही सांगायचं राहिलंय, देवाला नाही, त्या बसमधल्या माणसांना. कुठे शोधू त्यांना?"

मी तिची पिशवी उचलली आणि तिच्याबरोबर चालू लागले.

राघवेंद्र आता एका गोदामात वॉचमन आहे. दिवसाची पाळी. वर्दी ढगळ होते, आई त्याला म्हणते, "बस गेली आणि पँट राहिली." गोळी स्वतः घेतो, डॉक्टरकडे स्वतः जातो. सुष्माच्या आईची जखम भरतेय, पण पायाचं एक बोट कापावं लागलं; तो दर आठवड्याला जाऊन बसतो तिच्याजवळ. बायकोशी मात्र कामापुरतंही बोलत नव्हता. स्वतः अंबील करून पिणं तेवढं त्यानं सोडलं, कारण पाळी लवकर लागते. ती करून ठेवायची, तो पिऊन जायचा.

परवा कुच्चू बांधून झालेल्या साड्या घ्यायला मी सकाळीच गेले होते. नागरत्ना दाराशी कुच्चू बांधत होती. तो आतून आला, गोळी पाण्याबरोबर घेतली, अंबिलीचा पेला उचलला. एक घोट घेतला आणि थांबला. परत एक घोट. पेल्यात बघितलं.

"लसूण नाही?" तो म्हणाला.

तिचा दोरा सुटला. मी तिच्या गाठी इतकी वर्षं बघतेय, सुटलेली पहिलीच.

"आता कशाला?" ती खाली बघतच म्हणाली. "आता काय झाकायचंय?"

तो तिथेच उभा राहिला, पेला हातात धरून. मग म्हणाला, "झाकायला नको. पण असू दे. सवय झालीय."

आतून भागीरथीबाई ओरडली, "लसूण संपलाय गं! सांग त्याला, येताना आण म्हणावं!"

त्यानं पेला रिकामा करून विसळला, पालथा घातला आणि गेला. संध्याकाळी लसूण आणला की नाही, ते मी विचारलं नाही. सगळंच विचारायची माझी सवय आहे. हे नाही विचारलं.